पेठेचा आराखडा पेठेतच व्हावा

पावसाळ्याच्या तोंडाला कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून हिंडले, की पडक्या वाड्यांवर महापालिकेच्या धोक्याच्या नोटिसा दिसतात. आत मात्र संसार चालू असतो. नोटीस देणाऱ्याचे काम संपले. राहणाऱ्याने जायचे कुठे?

वाडा नुसत्या पावसाने पडत नाही. भाडे थोडे म्हणून मालक डागडुजी करीत नाही, घर आपले नव्हे म्हणून भाडेकरू करीत नाही. त्यात भाऊबंदकी. मिळवता मुलगा गावाबाहेर फ्लॅट घेतो, म्हातारी माणसे मागे उरतात. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली गिरणीही २००३ साली बंद पडली, आणि ज्या पगारांतून कौले फिरवली जात ते पगारच थांबले.

अशा वेळी बिल्डर रंगीत नकाशा घेऊन येतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे नकाशाआधी कलम वाचतो. हे आम्हांस मुंबईच्या गिरणगावाने शिकवले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला व तितकाच सार्वजनिक घरांना मिळायचा होता. २००१ साली दुरुस्ती झाली: हिशेब साऱ्या जमिनीचा नव्हे, इमारती सोडून उरलेल्या मोकळ्या तुकड्याचा! केवढी जमीन हातची गेली! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम केली.

आपल्याकडे काय आहे? १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना मिळून पंधरा दिवसांची नोटीस देता येते. तरीही मालक हलला नाही, तर दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. महिना पन्नास रुपये भाड्याला वर्षाचे दीडशे रुपये झाले. त्यात एक वासा येत नाही. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त इमारतींतल्या शेकडा सत्तर रहिवाशांनी सहकारी संस्था काढली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम भरून इमारत संपादन करून मागण्याची सोय १९८६ पासून कायद्यात आहे. कोल्हापूरला ती नाही. का नाही, हे आमदारांना विचारा.

तोवर तालमीत बसा. मागणीपत्राआधी आम्ही हजेरीपट पाहतो, तशी आधी घराघराची मोजणी करा: खोली केवढी, पावती कोणाच्या नावे, पोटभाडेकरू कोण. टेप स्वतः धरा. नळ, संडास, वाळवण यांविषयी बायकांना विचारा. पुरुष मंडळी फक्त पार्किंगवर भांडतात. आणि मालकालाही बोलवा. युनियनचा माणूस हे सांगतो याचे नवल वाटेल, पण चार आणे हिश्शाची मालकीण पुष्कळदा भाडेकरूपेक्षा गरीब असते.

करारात क्षेत्रफळ, मुदत व मधल्या काळाचे भाडे लोक लिहून घेतात. लिफ्टचा आणि देखभालीचा महिन्याचा खर्च कोण भरणार, हे मात्र राहते. तो झेपला नाही की नवे घर विकावे लागते, आणि पेठ सोडावी लागते ती जुन्याच माणसाला.