वॉटसनच्या सज्जाचा दरवाजा

आमच्या लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याची शेड कशी उभी राहते ते पाहण्यासारखे असते. खांब, तुळया, कैच्या दुसरीकडे तयार होऊन ट्रकमधून येतात, क्रेनने उचलल्या जातात आणि नट-बोल्टने आवळल्या जातात. मुंबईच्या काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल असेच, सुट्या भागांतून, दीडशे वर्षांपूर्वी उभे राहिले, हे वाचल्यापासून त्या इमारतीने माझा ताबा घेतला आहे.

जॉन हडसन वॉटसन हा मुंबईतला कापडाचा इंग्रज व्यापारी. किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर एस्प्लनेडवर जे भूखंड निघाले, त्यांतला एक त्याने घेतला. आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनचा अल्बर्ट पूल बांधणारा तो हाच. बिडाचे ओतीव खांब आणि तुळया इंग्लंडात तयार झाल्या, जहाजाने मुंबईला आल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडल्या गेल्या. १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताचा चौक आणि दर्शनी बाजूला लांबलचक लोखंडी सज्जे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात प्रथम इथेच दाखवले गेले. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ‘ताज’ बांधले, ही गोष्ट लोक आवडीने सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. मला त्याच वर्षाच्या जानेवारीतला एक मुक्काम जास्त मोलाचा वाटतो.

जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन व्याख्यानांच्या जगप्रवासात मुंबईत उतरला आणि वॉटसनमध्ये राहिला. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या १८९७ च्या पुस्तकात त्याने हा मुक्काम रंगवला आहे. सामान वर नेणाऱ्या नोकरांची रांगच लागली होती: एकाच्या हातात ओव्हरकोट, दुसऱ्याच्या हातात सिगारची पेटी, तर शेवटच्याकडे नुसता पंखा. पहाटे पाचपासून दारांची आदळआपट, नोकरांना मारलेल्या हाका आणि त्यावर कावळ्यांची कावकाव. वैभवाच्या काळातही पाहुण्याला या हॉटेलात सुखाची झोप नव्हती.

पण त्या प्रकरणाचा गाभा दरवाजाच्या प्रसंगात आहे. सज्जाकडे उघडणारा काचेचा प्रचंड दरवाजा नीट लागत नव्हता, की पुसायचा होता. नेमके काय, ते ट्वेनही सांगत नाही. एक देशी नोकर गुडघ्यांवर बसून कामाला लागला. पाहुण्यांबरोबर वर आलेल्या धिप्पाड जर्मन माणसाला ते काम पसंत पडले नाही. त्याने आधी नोकराच्या जबड्यावर तडाखा दिला आणि मग चूक काय ते सांगितले. नोकर काही बोलला नाही. ट्वेन क्षणात मिसूरीतल्या बालपणात जाऊन पोचला. गुलामाला काम समजावण्याची रीत तिथे हीच होती. त्याचे वडील सौम्य स्वभावाचे, पण घरच्या गुलाम पोराला तेही क्षुल्लक चुकीसाठी चापट मारत. दहा वर्षांचा असताना ट्वेनने पाहिले होते की एका माणसाने रागाच्या भरात लोहखनिजाचा गोळा गुलामाला फेकून मारला आणि तासाभरात तो गुलाम मेला.

वॉटसन, ऑर्डिश, ल्युमिएर, ट्वेन ही नावे इतिहासाने जपली. दरवाजाचे काम करणाऱ्याचे नाव कुठेच नाही. या इमारतीची पुढची सगळी कथा मी या एका गोष्टीतून वाचतो: तिथे देखभाल-दुरुस्तीच्या कामाला कधी मान मिळाला नाही.

विसाव्या शतकात हॉटेल मागे पडले आणि अखेर बंद झाले. इमारतीचे नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले. खोल्यांचे आणखी छोटे गाळे पडले, शेजारच्या न्यायालयांमुळे वकिलांची कार्यालये थाटली गेली, पोटमाळे चढले. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आपल्या नावातच हॉटेल आणि लॉजिंग हाऊस घेऊन आला. प्रमाणभाड्यासाठी त्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधार धरले. युद्धकाळानंतरच्या भाडेकरूंना हे संरक्षण गरजेचेच होते. पण दशके उलटली तरी भाडे जिथल्या तिथे राहिले आणि त्या पैशांत सज्जाला रंग देणेही परवडेना. घर आपल्या नावावर नाही म्हणून भाडेकरू खर्च करीना आणि भाड्यातून काही सुटत नाही म्हणून मालक करीना.

२००५ मध्ये सज्जाचा भाग रस्त्यावर कोसळला आणि एकाचा जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २००६ च्या यादीत जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंमध्ये या इमारतीचे नाव आले. तरी मालक, भाडेकरू आणि म्हाडा यांचा तंटा न्यायालयात चालूच राहिला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली आणि आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली. वारसाप्रेमींनी विरोध केला. मी त्यांच्या बाजूचा आहे. जी वास्तू सुट्या भागांतून जोडली गेली, तिचे भाग उतरवून, तपासून, निकामी तेवढे बदलून ती पुन्हा जोडण्याचा मार्ग आधी पुरता चाचपायला हवा.

बंद पडलेली जुनी वास्तू वाचवणे अशक्य नाही याचा दाखला मुंबईतच आहे. १९९३ पासून बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. तिथे गोंडलच्या राजघराण्याची एकहाती मालकी होती आणि खर्च कोणी करायचा यावर वाद नव्हता. वॉटसनला नेमके हेच मिळाले नाही. इमारतीला वारसा दर्जा मिळाला, पण दर्जा देणाऱ्या कागदाने छत गळू लागले तर गवंडी कोणाच्या पैशाने येणार हे सांगितले नाही. वारसा यादीत वास्तूचे नाव चढवताना त्याच आदेशात देखभालीचा निधी, मालक-भाडेकरूंचा वाटा आणि दरवर्षीची तपासणी बांधून दिली पाहिजे. एवढे नसेल, तर ती यादी म्हणजे पडझडीची आगाऊ नोंदवही ठरते.