मॉरिशसमधील एक दिवस : घाट, दप्तर आणि देऊळ



मॉरिशसची सहल करून आम्ही मसाटला परतलो, तेव्हा बहुतेकांनी समुद्राविषयीच विचारले. समुद्र सुंदर आहेच. पण निघण्यापूर्वी विश्वस्तांच्या बैठकीत एक प्रश्न निघाला होता की, एवढा खर्च करून मुलांना तिथे कशासाठी न्यायचे? त्याचे उत्तर आम्हाला सहलीच्या तिसऱ्या दिवशी मिळाले. म्हणून त्या एकाच दिवसाची हकीकत येथे देत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, तरी लिहिण्यात काही चूक राहिल्यास सांभाळून घ्यावे.

सकाळी नाश्ता करून आम्ही बसने राजधानी पोर्ट लुईस येथे गेलो. बंदरालगत 'आप्रवासी घाट' आहे. काळ्या दगडाच्या जुन्या इमारती आणि सोळा पायऱ्या, एवढेच दिसते. मुलांना प्रथम वाटले, यात पाहायचे काय? मग आम्ही त्यांना पायऱ्यांजवळ उभे करून इतिहास सांगितला.

मॉरिशसमध्ये उसाचे मोठे मळे होते व त्यांवर गुलाम राबत. 1835 साली तेथील गुलामगिरी संपली. ती संपणार हे दिसताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणण्यास सुरुवात केली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून 36 मजूर येथे उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. पुढे सुमारे 1920 पर्यंत जवळपास पाच लाख माणसे या बेटावर आली. काही येथेच राहिली, तर काहींना दुसऱ्या देशांच्या मळ्यांवर पाठवले गेले. 2006 साली युनेस्कोने या घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. 2 नोव्हेंबरला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

यातले पुष्कळ लोक बिहारकडचे होते व ते कलकत्त्याहून निघाले. आपली मराठी माणसे मुंबई बंदरातून गेली. त्यांत रत्नागिरी व कोकणपट्टीतले लोक अधिक होते. आम्ही विमानाने सहा-सात तासांत पोहोचलो, त्यांना शिडाच्या जहाजावर कित्येक आठवडे काढावे लागले.

दुपारी रस्त्यावर डाळपुरी खाऊन आम्ही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गेलो. या संस्थेची पायाभरणी 1970 साली इंदिरा गांधींच्या हस्ते झाली. येथे मराठीसह अनेक भारतीय भाषा शिकवतात. मजुरांचे जुने दप्तरही येथेच जपले आहे. प्रत्येक मजुराला एक नंबर दिला जाई आणि त्याचे नाव, बापाचे नाव, गाव व जहाज लिहून ठेवले जाई. आज तेथील लोक या नोंदींवरून आपल्या पणजोबाचे गाव शोधतात. कारकुनाने लिहिलेले पहिले नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले, असे अनेक घरांत घडले. एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, माझ्या पणजोबाचे गाव कुठे लिहिले आहे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

वाटेत गंगा तलाव पाहिला. तेथील मंगल महादेवाची मूर्ती 108 फूट उंच आहे. फोटो काढले व पुढे निघालो.

संध्याकाळी तेथील मराठी मंडळींनी आम्हाला आपल्या देवळात बोलावले होते. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आपल्या कोकणात ज्याला जाखडी म्हणतात, तो नाच ते लोक 'झाकरी' म्हणून नाचतात. घरात मात्र ते क्रिओल बोलतात. ही फ्रेंचवरून बनलेली भाषा आहे. शाळेत इंग्रजी व फ्रेंच लागतेच. मराठी हा ऐच्छिक विषय आहे, तरीही तो घेऊन परीक्षा देणारी मुले आहेत.

अशीच दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पुढे आली. तिने आमच्या विद्यार्थ्याला पुस्तकात असते तशा मराठीत विचारले, "आपले गाव कोणते आहे?" आमचा विद्यार्थी गडबडला आणि म्हणाला, "मैं सिलवासा से हूँ." त्याच्या घरी सगळे मराठीच बोलतात. ती मुलगी गप्प राहिली. तिला वाटले, तिचेच काहीतरी चुकले. मग आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने हळू आवाजात सांगितले, "माझं गाव मसाट." तिचा चेहरा खुलला.

पालकहो, यात त्या मुलाचा दोष नाही. "मराठीचा पुढे काय उपयोग?" असे आपणच त्याच्या देखत म्हणतो. हिंदी आणि इंग्रजी यायलाच हवी. हिंदीने आम्हाला रोजी दिली, तिच्याविषयी आमची काही तक्रार नाही. परंतु 2 ऑगस्ट 1954 पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळातही आपल्या वडीलधाऱ्यांनी घरातली भाषा सोडली नाही. आता कोणी सक्ती करीत नसताना ती आपल्या हातून सुटावी काय?

म्हणून सर्व विद्यार्थ्यांना सुट्टीत एक काम देत आहोत. आजी-आजोबांजवळ बसावे. आपले मूळ गाव कोणते, कोण केव्हा व कशासाठी मसाटला आले, हे विचारून वहीत दोन पाने मराठीत लिहावीत. मसाटच्या कारखान्यांत कामासाठी दुरून आलेल्या घरांतील मुलांनी आपापल्या भाषेत लिहिले तरी चालेल. या सर्व वह्या शाळेत जपून ठेवू. मॉरिशसच्या मजुरांचे दप्तर सरकारी कारकुनाने लिहिले, आपले आपण लिहू या.