स्वतःला झोडपल्याने अभ्यास होत नाही

‘स्वतःचे लाड केले की माणूस ढिला पडतो’

स्वतःशी मायेने वागण्याबद्दलचा सगळ्यात खोल रुजलेला समज हाच. चूक झाली की स्वतःला फैलावर घ्यायचं, चार शिव्या घालायच्या, म्हणजे पुढच्या वेळी नीट होईल असं आपल्याला मनापासून वाटतं. घरात आणि शाळेत हीच भाषा ऐकत वाढलं की पुढे ती आपल्याच आवाजात आतून ऐकू येऊ लागते.

प्रयोगांतून मात्र उलटं चित्र दिसतं. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दपरीक्षा दिली. ती बहुतेकांना जड गेली. मग काहींना सांगितलं, की अशी परीक्षा अनेकांना अवघड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना त्यांच्या हुशारीची आठवण करून दिली, तर काहींना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या परीक्षेसाठी हवा तेवढा वेळ अभ्यास करायची सगळ्यांना मुभा होती. सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी २०१० मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या अभ्यासात असं आढळलं होतं, की पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली.

असं का होतं, ते एमपीएससीच्या निकालाच्या दिवशी पुण्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत कळेल. पीडीएफ उघडते आणि आपला नंबर यादीत नसतो. लगेच आतून सुरू होतं: ‘तुझ्याच्याने होणारच नव्हतं. घरच्यांचे पैसे घालवलेस. आता कुठल्या तोंडाने फोन करणार?’ या माऱ्यानंतर पुस्तक उघडवत नाही, कारण पुस्तक दिसलं की तो आवाज पुन्हा सुरू होतो. मग पुस्तक टाळायचं, घरचा फोन टाळायचा, मोबाइलवर रील बघत रात्र काढायची आणि सकाळी त्याचीही लाज वाटून घ्यायची. हा आळस नव्हे. लाजेपासून पळण्याची ती धडपड असते.

आता असं स्वतःला झोडपणारा मुलगा शेजारच्या टेबलावरच्या नापास मित्राशी कसा बोलेल, ते बघा. ‘अरे, वाईट वाटणारच, वर्ष घातलंयस. आज चहा घे, जेव, झोप. उद्या उत्तरतालिका घेऊन बसू, सीसॅटमध्ये कुठे घाई झाली ते पाहू.’ या बोलण्यात चूक झाकलेली नाही, उलट ती शोधायची वेळसुद्धा ठरली आहे. हेच स्वतःला म्हणता येणं म्हणजे आत्मकरुणा. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेने वागणं, असं अपयश माणूस म्हणून सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखणं, आणि दुःखाला न फुगवता, न दडपता आहे तसं पाहणं. दुसऱ्या भागामुळेच ती स्वतःची कीव करण्यापेक्षा वेगळी ठरते. कीव करणाऱ्याला वाटतं, हे फक्त माझ्याच नशिबी आलंय.

‘वाईट विचार डोक्यातून काढून टाक’

हा सल्ला देणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, याबद्दल मला शंका नाही. पण मन तसं चालत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये हे दाखवून दिलं. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. पुढे त्यांना अस्वलाचा विचार करायची परवानगी दिली, तेव्हा त्यांच्या मनात ते पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं.

म्हणून विचाराशी कुस्ती न करता त्याच्याशी असलेलं नातं बदलायचं. ‘मी नापास होणार’ आणि ‘मी नापास होणार, असा विचार आत्ता माझ्या मनात आलाय’ ही दोन वाक्यं सावकाश म्हणून पाहा. दुसऱ्या वाक्यात विचार तसाच राहतो, पण त्याच्यात आणि आपल्यात बोटभर जागा तयार होते. त्या जागेत पुढचं पाऊल ठरवता येतं. मानसिक लवचीकता ती हीच: मनात भीती असतानाही आपल्याला जे मोलाचं वाटतं त्या दिशेने काही करता येणं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’, म्हणजे स्वीकार आणि बांधिलकीची उपचारपद्धती, याच पायावर उभी आहे.

‘स्वीकार म्हणजे सहन करणं’

हा गैरसमज घातक आहे, विशेषतः बायकांच्या बाबतीत. स्वीकार करायचा तो भावनेचा, छळाचा कधीच नाही. ‘मला भीती वाटते, रागही येतो’ हे जिने स्वतःशी मान्य केलं, तिला मदत मागणं सोपं जातं. ‘मला काही वाटत नाही’ म्हणत राहिलं, तर वर्षानुवर्षं तिथेच अडकायला होतं. लवचीक माणूस ठाम ‘नाही’ही म्हणू शकतो.

‘ही पोट भरलेल्यांची थेरं’

जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकाराच्या याच उपचारपद्धतीवर पाच सत्रांचा एक गट-अभ्यासक्रम तयार केला. त्याची चाचणी युगांडातल्या निर्वासित वसाहतीत, दक्षिण सुदानमधून युद्धामुळे परागंदा झालेल्या ६९४ स्त्रियांवर झाली. सत्रं ध्वनिमुद्रित होती आणि ती चालवायला डॉक्टर नव्हे, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बायका होत्या. अभ्यासक्रमात सहभागी झालेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास तीन महिन्यांनंतरही इतरांपेक्षा कमी होता. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि हे काही आपल्याला परकंही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठी माणसापर्यंत पोचवली. कामगिरी वाईट असू शकते, पण त्यावरून अख्ख्या माणसावर शिक्का मारू नये, हे त्या पद्धतीचं म्हणणं आजच्या आत्मकरुणेच्या अगदी जवळचं आहे.

‘हे जमलं की औषध लागत नाही’

सौम्य ताणात ही कौशल्यं पुरी पडू शकतात, पण तीव्र नैराश्यात, भास होत असताना किंवा जीव नकोसा वाटत असताना त्यांच्यावर भरवसा ठेवून थांबू नये. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला ‘स्वतःशी मायेने बोल’ सांगून सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं, सांगितलेली गोळी वेळेवर घेणं, ती स्वतःच्या मनाने बंद न करणं, हीसुद्धा स्वतःवरची मायाच. कुठे जायचं हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास आणि मोफत चालते, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.