परतवारीचं गाव : नर्सी नामदेव

आषाढ शुद्ध एकादशीला अवघी गर्दी पंढरपुरात. त्यानंतरच्या वद्य एकादशीला मात्र मराठवाडा-विदर्भातल्या वारकऱ्यांचे पाय हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीकडे वळतात. पंढरीहून आलेला माणूस कयाधू नदीत हातपाय धुतो, कपाळी बुक्का लावतो, नामदेवांसमोर माथा टेकतो. वारी पुरी झाली, असं तो इथे मानतो. हीच परतवारी. दोनच दिवसांनी, वद्य त्रयोदशीला, नामदेवांची पुण्यतिथी असते.

संत नामदेवांचा जन्म 1270चा. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरी शिंप्याचा व्यवसाय. त्यांच्या आयुष्याचा बराच काळ पंढरपुरात गेला, आणि परंपरेप्रमाणे 1350मध्ये समाधीही तिथेच, महाद्वाराच्या पायरीशी. जन्मगावाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुणी कऱ्हाडकडचं नरसिंगपूर सांगतं, कुणी थेट पंढरपूर. माझा कौल कयाधूकाठच्या नर्सीलाच. नामदेवांना गुरू भेटले ते औंढा नागनाथाच्या देवळात, विसोबा खेचर. जनाबाई गंगाखेडची, ज्ञानदेवांचं आपेगाव पैठणजवळचं. ही सगळी गोदाखोऱ्यातली माणसं. कयाधूही पैनगंगेला मिळून शेवटी गोदावरीलाच जाते. हा काही पुरावा नव्हे, पण एवढा शेजार मला सहज बाजूला सारवत नाही.

पुढे हा मुलूख निजामाकडे गेला. 17 सप्टेंबर 1948ला मराठवाडा मुक्त झाला. नर्सी परभणी जिल्ह्यात होती, 1 मे 1999ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आज हिंगोलीत हळदीचा मोठा बाजार भरतो, त्या मार्केट यार्डालाही संत नामदेवांचंच नाव आहे.

नर्सीची खरी थोरवी मला तिच्या दुसऱ्या पाहुण्यांत दिसते. नामदेव उतारवयात पंजाबात राहिले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणून नांदेडला हुजूरसाहिबच्या दर्शनाला आलेले शीख यात्रेकरू गाडी करून नर्सीलाही येतात. गावात गुरुद्वारा आहे. टाळ-मृदंगाच्या गावात पगडीवाल्यांचं कुणाला नवल वाटत नाही. 2015मध्ये 88वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं, तेव्हा मराठी माणसानं या नात्याची मोठी दखल घेतली. नर्सीनं ते त्याच्या कितीतरी आधीपासून जपलं आहे.