सेकंड हँड टेम्पो घेताय? आधी खाली वाकून बघा!

दुकानासाठी पहिला टेम्पो घेतला तेव्हा मी नुसता चकचकीत रंग बघितला. पहिल्याच पावसाळ्यात चेसीचा गंज उघडा पडला आणि सीझनची कमाई वेल्डिंगमध्ये गेली. मावळ-लोणावळ्याचा पाऊस गाडीला खालून खातो. म्हणून केबिनमधली मॅट उचला, पत्रा दाबून बघा, चेसीवर टॉर्च मारा. खाली ताजा काळा रंग दिसला, तर कारण विचाराच. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करा. मग थोडं वजन टाकून खंडाळा घाट चढा-उतरा. चढाला क्लच आणि टेम्परेचर कळतं, उताराला ब्रेक. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी मागा. मेकॅनिकला दाखवायचे पाचशे रुपये वाचवू नका. मी तेच वाचवले होते!