शेवटच्या पंगतीचा भात



पिरनवाडीत सणाच्या जेवणाला लोक रांग मोडून आम्हाला पुढे नेतात, आणि आम्हीही आजवर मुकाट्याने पहिल्या पंगतीला बसत आलो. शेवटी जेवतात त्या वाढणाऱ्या बायका, भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्या आणि जनावरांचे आटोपून उशिरा पोचणारे. सकाळी 10 ला उतरवलेला भात त्यांच्या पानात 3 वाजता पडतो.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. मातीतला बॅसिलस सिरियस नावाचा जंतू तांदळाबरोबर घरात येतो. भात शिजला तरी त्याची बीजे मरत नाहीत. झाकलेल्या मोठ्या पातेल्यात भात तासन्‌तास कोमट राहतो, तिथे ती रुजतात व विष तयार करतात. वांत्या लावणारे हे विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास आला नाही म्हणून भात चांगला, असे समजू नये.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये; ठेवायचेच तर 60 अंशांच्या वर, वाफाळते ठेवावे. म्हणून भात एकदम न रांधता दोन-तीन खेपांत रांधावा. शेवटची खेप वाढणाऱ्यांची.

आणखी एक. हात धुताना सगळे एकाच बादलीत हात बुडवतात. त्याऐवजी एकाने तांब्याने पाणी ओतावे, शेजारी साबण ठेवावा. येत्या सणाला हे काम आम्ही करू आणि शेवटच्या पंगतीला बसू.