जमिनीचा पूर्वेतिहास सांगणारी हवाई छायाचित्रे

जमीन खरेदी करावयाची झाल्यास प्रथम तिची कागदपत्रे पाहिली जातात. मालकी, बोजा व चतुःसीमा यांची माहिती त्यांवरून मिळते. परंतु त्या जागेवर पन्नास वर्षांपूर्वी काय चालत होते, तेथील खड्डा कशाने बुजविण्यात आला, याचा उलगडा त्यांतून क्वचितच होतो. अमेरिकेत या कामी जुन्या हवाई छायाचित्रांचे साहाय्य घेतले जाते.

मूळ हेतू शेतीचा

१९३३ च्या कायद्यान्वये, लागवडीखालील क्षेत्र कमी करणाऱ्या शेतकऱ्यांना अमेरिकन सरकार मोबदला देऊ लागले. या क्षेत्राची पडताळणी करण्यासाठी पुढे विमानातून शेतांची छायाचित्रे घेण्यात आली. शेते मोजण्यासाठी निर्माण झालेला हा संग्रह आज जमिनीचा पूर्वेतिहास तपासण्यासाठी उपयोगी पडत आहे.

लव्ह कॅनॉलचा धडा

अशा तपासणीची निकड कशी भासली, हे न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथील लव्ह कॅनॉल या अर्धवट सोडलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ही जागा एक डॉलर किमतीस शालेय मंडळाकडे गेली. खतात रसायनांचा उल्लेख होता. तरीही तेथे शाळा उभी राहिली. भोवताली घरे घेणाऱ्या अनेक कुटुंबांना मात्र याची कल्पना नव्हती. तळघरांत रसायने झिरपू लागली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून शाळा बंद करावी लागली. वस्तीखाली बुजलेल्या जुन्या ओहोळांच्या खुणा शोधताना हवाई छायाचित्रे उपयोगी पडली.

खरेदीपूर्व चौकशी

१९८० च्या कायद्यानुसार प्रदूषित जमिनीच्या सफाईचा भार तिच्या नव्या मालकावरही पडू शकतो. खरेदीपूर्वी योग्य चौकशी करणाऱ्यास, अन्य अटी पाळल्यास, संरक्षण मिळते. या चौकशीचे नियम १ नोव्हेंबर २००६ पासून अमलात आले. प्रचलित मानकानुसार जागेच्या पहिल्या विकसित वापरापर्यंत किंवा १९४० पर्यंत, यांपैकी जे अगोदरचे असेल तेथवर, मागे जावे लागते.

तज्ज्ञ निरनिराळ्या वर्षांची छायाचित्रे क्रमाने मांडतात. गोल आकृती तेलाच्या टाक्यांची असू शकते. झाडांच्या सरळ रांगा जुनी फळबाग दर्शवितात. अशा बागांत पूर्वी शिसे व आर्सेनिक असलेली कीटकनाशके फवारली जात. एकाच जागेची परस्परांवर अंशतः येणारी दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपमधून पाहिली असता जमिनीचे चढउतार दिसतात.

या साधनास मर्यादाही आहेत. छायाचित्र एका दिवसाचेच दृश्य दाखविते. दोन छायाचित्रांमधील काळात खोदलेला आणि बुजविलेला खड्डा त्यांत सापडणार नाही. म्हणून जुने नकाशे, स्थानिक वृद्धांची माहिती आणि अखेरीस मातीची तपासणी यांची जोड आवश्यक ठरते.

शाळा, दवाखाना वा वसाहत यांसाठी जागा निवडताना आपणांसही यातून बोध घेता येईल. सातबारा पाहून झाल्यावर, 'येथे पूर्वी काय होते?' हा प्रश्न गावातील जाणत्या मंडळींना अवश्य विचारावा. बांधकामापूर्वी मिळालेले उत्तर पुढील अनर्थ टाळू शकते.